आईचं सोडियम ११८ आलं: मीठ, पोटॅशियम आणि बीपीच्या गोळ्या यांचं नातं नक्की काय?

मीठभाकर (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण गेल्या तीन आठवड्यांत आमच्या घरी जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये असं फार वाटतंय.

आई ७१ वर्षांची, बाबांबरोबर गावी असते, सातारा जिल्ह्यात. बीपी जुनं, दहाबारा वर्षांचं. टेल्मिसार्टन चालू होती पण जानेवारीपासून बीपी १६० च्या खाली येईना म्हणून डॉक्टरांनी जोडीला क्लोरथॅलिडोन दिली, म्हणजे ती लघवीवाटे मीठपाणी काढणारी गोळी, आणि सांगितलं की मीठ कमी करा आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासू. आता माझी आई म्हणजे शिस्तीची बाई, कमी करा म्हटल्यावर तिने मीठ बंदच करून टाकलं. भाकरीत नाही, भाजीत नाही, ताकसुद्धा अळणी. त्यात शेजारच्या काकूंनी सांगितलं की बीपीवाल्यांनी रोज चार लिटर पाणी प्यायचं म्हणजे रक्त पातळ राहतं, ते पण सुरू केलं, तांब्या मोजून. तोंडाला चव नाही म्हणून जेवण निम्म्यावर आलेलं. आणि पंधरा दिवसांची तपासणी लग्नसराईत राहून गेली ती गेलीच.

मार्चअखेर बाबांचा फोन आला, "ही काहीतरी भलतंच बोलतेय, मला मामाच्या नावाने हाक मारतेय." आधीचे दोन दिवस मळमळ, डोकं जड, चालताना तोल जातोय हे चालूच होतं, आम्ही पित्त समजलो. मग वाटलं पॅरालिसिसचा झटका. धावतपळत साताऱ्याला नेलं, सिटी स्कॅन नॉर्मल. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सोडियम ११८. नॉर्मल १३५ ते १४५ असतं म्हणे. पोटॅशियम पण ३.१, जे ३.५ च्या वर पाहिजे. सहा दिवस अ‍ॅडमिट, त्यातले दोन आयसीयूत. सोडियम मुद्दाम सावकाश वाढवलं, दिवसाला आठच्या आसपास, कारण एकदम चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते असं सांगितलं. त्या दोन रात्री मी बाहेरच्या बाकावर बसून दर सहा तासांनी नर्सला एकच विचारत होते, आकडा किती आला.

आता घरी आहे, माणसं ओळखते, पोथी वाचते. पण माझ्या डोक्यात गोंधळ आहे. लहानपणापासून ऐकलं मीठ वाईट, बीपीला मीठ कमी. मग मीठ सोडल्यावर हे कसं झालं? आणि आता मीठ किती द्यायचं? पोटॅशियमचा यात काय संबंध? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज.

निशिगंधा (सोमवार, रात्री १०:०५)

बाप रे. वाचूनच पोटात कालवलं. आईंना बरं वाटतंय हे महत्त्वाचं. त्यांना सध्या एकटं सोडू नका, तोल सावरायला वेळ लागतो, माझ्या आत्याचं असंच सोडियम कमी झालं होतं आणि बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. धागा वाचतेय.

रुग्णसेवक (सोमवार, रात्री ११:३०)

मीठभाकर ताई, मी निवृत्त फिजिशियन आहे, पस्तीस वर्षं असे पेशंट बघितले, त्यात बहुतेक वेळा सत्तरीच्या पुढच्या बारीक चणीच्या बायका. तुमच्या आईंवरच्या उपचारांबद्दल इथे बसून काही बोलणं बरोबर नाही, ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. पण आत काय घडतं ते सांगतो.

आधी एक गैरसमज. रक्तातलं सोडियम म्हणजे तुम्ही किती मीठ खाता त्याचं माप नव्हे. ते मीठ आणि पाणी यांचं प्रमाण आहे. आमटीचं पातेलं डोळ्यासमोर आणा. मीठ तेवढंच ठेवून दोन तांबे पाणी ओतलं तरी आमटी अळणी लागते. आईंचं तिन्ही बाजूंनी झालं, गोळीने मीठ बाहेर काढलं, ताटातून आत येईना, आणि वरून चार लिटर पाणी. जेवण कमी झालं त्याचाही हात आहे, कारण पाणी बाहेर टाकायला किडनीला मीठ आणि प्रथिनातून होणारा युरिया लागतो, तो नसेल तर कितीही इच्छा असली तरी तिला पाणी टाकता येत नाही. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं, मेंदूला कवटीच्या आत फुगायला जागा नाही, म्हणून ती बडबड आणि तोल जाणं.

याची उलट बाजू पण लक्षात घ्या. लोक रिपोर्ट दाखवतात, "डॉक्टर, सोडियम १४० आहे, म्हणजे मी मीठ जास्त खात नाही." तसं नसतं हो. रोज पंधरा ग्रॅम मीठ खाणाऱ्याचं पण १४० च येतं, कारण तहान लागते, पाणी पितो, प्रमाण जुळतं. फक्त अंगातलं एकूण पाणी वाढतं, आणि वाढलेलं पाणी धमन्यांवर दाब टाकतं, तेच बीपी. किती मीठ खाता हे खरं कळायचं असेल तर २४ तासांची लघवी साठवून त्यातलं सोडियम मोजतात.

आता किडनी. दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात, त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असतं. दीड किलो! आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत रक्तात घेतलं जातं. आपण खातो ते आठदहा ग्रॅम, त्यामुळे सगळा प्रश्न परत किती घ्यायचं याचा आहे, त्यात एक टक्क्याची चूक झाली तरी अंगात पाणी साचतं. परत घेण्याच्या शेवटच्या टप्प्यात एक नळ आहे, सोडियम आणि क्लोराइड एकत्र ओढणारा. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड या गोळ्या नेमका हाच नळ बंद करतात.

पोटॅशियम येतं ते इथे. खाण्यात पोटॅशियम कमी असेल तर शरीर ते वाचवायला बघतं आणि त्यासाठी हा नळ पूर्ण उघडतं, मीठ परत आत ओढलं जातं. पोटॅशियम भरपूर आलं की नळ आपोआप बंद होतो आणि मीठ लघवीतून जातं. म्हणजे केळं, पालेभाजी, डाळ, शहाळं हे एका अर्थी त्या गोळीचंच काम हलक्या हाताने करतात. म्हणून नुसतं "मीठ कमी करा" हा सल्ला अर्धा आहे असं मी पेशंटना नेहमी सांगायचो. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ आणि किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम. आपल्याकडे पहिल्यात लोक खूप पुढे, दुसऱ्यात मागे.

मात्र हे धडधाकट किडनी असलेल्यांसाठी. कुणीही हे वाचून उद्यापासून डझनभर केळी खायला लागू नका, त्याबद्दल उद्या लिहितो, आता झोपतो.

कर्दळीवन (मंगळवार, सकाळी ७:१५)

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमटीचं उदाहरण फार आवडलं, आईला वाचून दाखवलं.

एक प्रश्न, मी अ‍ॅम्लोडिपिन घेते, त्याला कॅल्शियम बंद करणारी गोळी म्हणतात ना, मग हाडांसाठी कॅल्शियमची गोळी चालू आहे ती बंद करू का? आणि पाय सुजतात ते मिठामुळे का?

रुग्णसेवक (मंगळवार, सकाळी ९:००)

कर्दळीवन ताई, नाही, बंद करू नका. अ‍ॅम्लोडिपिन धमनीच्या भिंतीतल्या स्नायूंच्या पेशीत कॅल्शियम शिरायचं दार अडवते, कारण कॅल्शियम आत शिरलं की तो स्नायू आवळतो आणि नळी अरुंद होते. हाडांशी किंवा नाचणीच्या भाकरीशी तिचं काही भांडण नाही. पाय सुजतात ते ती गोळी बारीक धमन्या सैल करते त्यामुळे पाणी घोट्याशी झिरपतं म्हणून, मीठ हे मुख्य कारण नव्हे. डॉक्टरांना सांगा, डोस किंवा जोडीची गोळी बदलून सूज उतरते. मात्र क्लोरथॅलिडोनसारखी गोळी असेल तर ती उलट कॅल्शियम अंगात धरून ठेवते, तिच्याबरोबर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मनाने जास्त घेऊ नये.

मांडवीतीर (मंगळवार, दुपारी १:२०)

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे पावसाळ्याआधी पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरतात त्यात सुके बांगडे, सुकी सुंगटां (कोळंबी), गालमो (बारीक सुकट), सगळं मिठात. पावसात ताजी मासळी नाही त्यामुळे किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) नाहीतर परा (सुक्या मासळीचं लोणचं) ताटात असायचाच, त्यात शितकडी (भात आणि कालवण) नाहीतर पेजेबरोबर लोणच्याची फोड. माझे पप्पा पन्नाशीत स्ट्रोकने अंथरुणाला खिळले, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो सुक्या मासळीचा. आमच्यात कुणालाच ते "मीठ खाणं" वाटत नव्हतं, आई म्हणायची जेवणात तर मी मीठ कमीच घालते.

पण डॉक्टर, मला एक वाटतं, आमचे आजोबापणजोबा मिठागरात काम करायचे, पेजेत मीठ घालून प्यायचे आणि नव्वद वर्षं जगले. मग आपल्यालाच का?

रुग्णसेवक (मंगळवार, दुपारी ३:१०)

मांडवीतीर, पप्पांबद्दल वाचून वाईट वाटलं.

प्रश्न रास्त आहे. मिठागरात दिवसभर उन्हात राबणाऱ्याचं कितीतरी मीठ घामावाटे जातं, एसीत बसणाऱ्याचं नाही. दुसरं, नव्वद वर्षं जगलेले लक्षात राहतात, पन्नाशीत अचानक गेलेल्यांना "वारं लागलं" म्हणून सोडून दिलेलं असतं, तेव्हा बीपी मोजलं कुणी होतं. आणि तिसरं, मिठाचा परिणाम सगळ्यांवर सारखा नसतो. काहींचं बीपी मिठाने लगेच चढतं, काहींचं फारसं नाही, वय वाढलं, किडनी थकली, डायबेटिस झाला की चढणाऱ्यांच्या गटात जायची शक्यता वाढते.

जगभरातला पुरावा बघायचा तर १९८८ साली इंटरसॉल्ट नावाचा अभ्यास आला, ३२ देशांतली ५२ केंद्रं, दहा हजारांहून जास्त माणसं, सगळ्यांच्या २४ तासांच्या लघवीतलं सोडियम मोजलं. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक होते, त्यांच्या खाण्यात मीठ जवळपास नाहीच आणि फळंकंदमुळं भरपूर. त्यांचं बीपी कमी होतंच, पण वयाबरोबर वाढतही नव्हतं. आपण धरून चालतो की म्हातारपणी बीपी वाढायचंच, ते त्यांच्यात नव्हतं. नंतर २००१ साली अमेरिकेत ४१२ जणांना तयार जेवण देऊन बघितलं. फळं, भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूधदही असा आहार आणि त्यात मीठही कमी, असं दोन्ही केलं तेव्हा बीपी असलेल्यांचा वरचा आकडा नेहमीच्या खारट अमेरिकन जेवणाच्या तुलनेत सरासरी ११.५ ने खाली आला. एका गोळीने येतो साधारण तेवढा.

पेठेतला (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

आमच्याकडे साधं मीठ कधीच बंद केलं, सैंधव वापरतो, शुद्ध आणि नैसर्गिक असल्यामुळे बीपी वाढत नाही. सगळ्यांनी हेच करावं.

रुग्णसेवक (मंगळवार, संध्याकाळी ७:३०)

पेठेतला, सैंधव म्हणजे शेंदेलोण, ते खाणीतलं मीठ आहे पण मीठच आहे, जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड. बाकीची खनिजं असतात ती रंग यावा एवढीच. बीपीच्या बाबतीत समुद्राच्या मिठात आणि त्यात काही फरक धरू नका. उलट त्यात आयोडीन घातलेलं नसेल तर घरातल्या लेकीसुनांसाठी, मुलांसाठी ते तोट्याचं. उपासाला खा, चवीला खा, पण मोजून.

सहकारनगर_सून (मंगळवार, रात्री १०:१५)

हा धागा बघून लिहिल्यावाचून राहवेना. आमचं अगदी उलट झालं, मीठभाकर तुमच्याकडे पोटॅशियम कमी आणि आमच्याकडे जास्त.

सासरे ६८, डायबेटिस वीस वर्षांचा, बीपीला टेल्मिसार्टन. नवऱ्याने कौतुकाने "लो सोडियम" मीठ आणलं, पाकिटावर हृदयाचं चित्र, आम्हाला वाटलं बाबांसाठी याहून चांगलं काय. चव थोडी कडसर लागते म्हणून बाबा दोन चिमटी जास्तच घालायचे. शिवाय सकाळी शहाळं, दुपारी मोसंबी ज्यूस, सगळं आम्हीच प्रेमाने द्यायचो. दोन महिन्यांनी बाबांना पायात जोर वाटेना, जिना चढताना थांबायला लागले, आम्हाला वाटलं वय. नेहमीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.९ आणि पोटॅशियम ६.४. लॅबने स्वतः फोन केला. ईसीजीत बदल दिसत होते, कॅज्युअल्टीत लगेच कॅल्शियमचं इंजेक्शन, इन्सुलिन आणि ग्लुकोज दिलं. डॉक्टर म्हणाले अजून दोन दिवस गेले असते तर हृदय थांबू शकलं असतं.

पाकीट घरी येऊन नीट वाचलं, मागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं होतं. बीपीचं मीठ म्हणून आपण काय देतोय हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. अजून ते आठवलं की झोप लागत नाही.

रुग्णसेवक (बुधवार, सकाळी ८:२०)

ताई, तुम्ही सगळं काळजीपोटीच केलंत. कालपासून मला हेच लिहायचं होतं.

या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घालतात. ते वाईट नाही, उलट फार मोलाचं आहे. चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळजवळ २१ हजार माणसांवर मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. निम्म्या खेड्यांना ७५ टक्के साधं आणि २५ टक्के पोटॅशियमचं असं मिश्र मीठ दिलं, पावणेपाच वर्षांत त्यांच्यात पक्षाघात १४ टक्के कमी झाले आणि मृत्यूही कमी. इतक्या स्वस्त गोष्टीने एवढा फायदा क्वचित दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये प्रौढांसाठी या मिठाची शिफारस केली. पण त्यातच सांगितलंय की किडनीचा आजार असलेले, गरोदर बायका आणि मुलं यांच्यासाठी ती शिफारस नाही. चीनच्या अभ्यासातही गंभीर किडनीविकार असलेल्यांना घेतलेलंच नव्हतं.

डॉक्टरांना आधी विचारल्याशिवाय हे मीठ यांनी घेऊ नये: किडनी कमजोर असलेले, बरीच वर्षं डायबेटिस असलेले, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मिसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यातलं काही घेणारे. या गोळ्या पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. त्यात गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मनाने घेतलं किंवा लघवीच्या इन्फेक्शनला ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी मिळाली तर अजून चढतं. किडनी चांगली असेल तर या गोळ्यांवरही फळंभाज्या खायला सहसा हरकत नसते, फक्त पहिल्या दोनतीन आठवड्यांत आणि नंतर ठरावीक काळाने पोटॅशियम, सोडियम, क्रिएटिनिन बघायचं. ती साधी तपासणी आहे पण लग्नसराईत, सणासुदीत नेमकी तीच राहते.

एक बारीक गोष्ट. पोटॅशियम ५.६ वगैरे अचानक आलं आणि पेशंट ठणठणीत असेल तर आम्ही आधी विचारतो रक्त कसं काढलं. पट्टा फार वेळ आवळला, मूठ सारखी उघडमीट केली किंवा नमुना तासन् तास पडून राहिला तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. अंगातलं जवळपास ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आतच असतं, थोड्या पेशी फुटल्या तरी रिपोर्ट बदलतो. म्हणून पुन्हा तपासावं, पण त्याच दिवशी, पुढच्या महिन्यात नाही.

परदेसी_माहेरवाशीण (बुधवार, सकाळी ११:००)

न्यू जर्सीहून, इथे रात्र झालीय. माझ्या नवऱ्याची गोष्ट सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

वय ४२, वजन नीट, दारू सिगारेट काही नाही, तरी तीन गोळ्यांवर बीपी १५८/९८. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, लघवीला चारदा उठायचा. पोटॅशियम २.९. चार वर्षं सगळे सांगत राहिले केळी खा, टेन्शन घेऊ नका. रोज दोन केळी आणि पोटॅशियमच्या गोळ्या खाऊनही आकडा तीनच्या आसपास. मग एका नव्या डॉक्टरबाईंनी अल्डोस्टेरॉन आणि रेनिन अशा दोन तपासण्या एकत्र केल्या आणि सांगितलं की हा कॉन सिंड्रोम आहे, किडनीच्या डोक्यावर जी अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते तिथली गाठ अल्डोस्टेरॉन हे हार्मोन नको तेवढं बनवतेय. डावीकडे दीड सेंटिमीटरची गाठ निघाली, दुर्बिणीतून काढली. आता एक छोटी गोळी आणि १२६/८०. पोटऱ्या दुखत नाहीत, रात्रभर झोपतो. मी त्या दिवशी देवापुढे बसून रडले, चार वर्षं आम्ही त्यालाच म्हणत होतो की तू टेन्शन घेतोस.

रुग्णसेवक (बुधवार, दुपारी १२:१०)

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तरी अजून तो वेळेवर ओळखला जात नाही. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं मीठ परत घे आणि त्या बदल्यात पोटॅशियम टाक. म्हणून बीपी वर, पोटॅशियम खाली. तीन गोळ्यांवरही बीपी न उतरणारे, तरुणपणीच बीपी सुरू झालेले, पोटॅशियम कमी असलेले यांनी डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारावं. पोटॅशियम नॉर्मल असूनही हा आजार असू शकतो.

तानपुरा (बुधवार, दुपारी ४:३०)

डॉक्टर, माझंही असंच झालं होतं पण गाठ नव्हती. मी गाणं शिकवते, नाशिकला. गळ्यासाठी ज्येष्ठमधाची काडी दिवसभर तोंडात, वर काढ्यातही ज्येष्ठमध, लॉकडाऊनपासून ती सवयच लागली. ४६ व्या वर्षी बीपी १५०/९६, पोटॅशियम ३.०, अंगात त्राण नाही, तंबोरा उचलताना हात थरथरायचे. सगळ्या तपासण्या झाल्या आणि शेवटी एका तरुण डॉक्टरने विचारलं, "मॅडम तोंडात काय आहे?" बंद केल्यावर काही आठवड्यांत बीपी गोळीशिवाय १२८ वर आलं. माझ्या सगळ्या शिष्यांना सांगितलंय, कार्यक्रमाच्या दिवशी एक तुकडा ठीक, रोज दिवसभर नाही.

रुग्णसेवक (बुधवार, संध्याकाळी ५:००)

अगदी बरोबर निदान. ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं. किडनीतलं एक विकर (एन्झाइम) कॉर्टिसॉल या दुसऱ्या हार्मोनला अल्डोस्टेरॉनच्या जागी बसू देत नाही, ग्लिसिरायझिन त्या विकरालाच अडवतं. मग कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनचं काम करायला लागतं. रक्तात अल्डोस्टेरॉन कमी आणि आजार मात्र त्याच्यासारखा. बीपीच्या लोकांनी काढे, चूर्णं यातले घटक वाचावेत.

वर्धेचं_ऊन (बुधवार, रात्री ९:२०)

आमच्याकडे पारा ४५ च्या वर चाललाय. बाबा शेतात जातात, बीपीच्या दोन गोळ्या चालू, त्यातली एक पाणी काढणारी. मागच्या आठवड्यात बांधावरच चक्कर येऊन बसले, बीपी ९६/६०. तर अशा वेळी ओआरएस द्यायचं का नाही, त्यात मीठ असतं ना? आणि मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी बीपी उतरतं असं वाचलं ते खरं का?

रुग्णसेवक (बुधवार, रात्री १०:४०)

दादा, आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, उन्हाळ्यात पाणी काढणाऱ्या गोळीचा डोस अनेकांना कमी करावा लागतो. जुलाब, उलट्या, ताप, अन्न जात नाही अशा दिवसांत तर ती गोळी आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी तात्पुरती थांबवायची का हे विचारलंच पाहिजे, नाहीतर किडनीला धक्का बसतो.

ओआरएस हे औषध आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर पिंपांत मीठ, साखर कालवून कॉलऱ्याच्या पेशंटना पाजलं आणि हजारो जीव वाचले. आजच्या सूत्राप्रमाणे एका लिटरमध्ये ७५ मिलिमोल सोडियम असतं, म्हणजे जवळजवळ साडेचार ग्रॅम मिठाइतकं. बीपीच्या माणसाला जुलाब झाले किंवा उन्हात घाम गाळून चक्कर आली तर ते द्यायचंच, घाबरायचं नाही. पण घरी पंख्याखाली बसून थंड सरबत म्हणून रोज एक लिटर प्यायचं नाही, दिवसभराचं मीठ त्यातच संपतं.

मॅग्नेशियमच्या गोळीने बीपी उतरतं ते थोडंच, दोनेक आकडे. त्याचं खरं महत्त्व वेगळं आहे, मॅग्नेशियम कमी असेल तर किडनी पोटॅशियम धरून ठेवू शकत नाही, कितीही पोटॅशियम द्या, गळतच राहतं. बाजरी, नाचणी, राजगिरा, तीळ, शेंगदाणे, डाळी यातून ते मिळतं. किडनी कमजोर असेल तर गोळी मनाने नको.

माजघर (गुरुवार, सकाळी ६:५०)

डॉक्टरसाहेबांनी शास्त्र सांगितलं, मी स्वयंपाकघरातलं सांगते, वय ६३, सहा माणसांचं घर. यजमानांना बीपी निघालं तेव्हा मी हिशोब केला महिन्याला मीठ किती संपतं. दीड किलो. भागिले सहा माणसं, भागिले तीस दिवस, म्हणजे माणशी आठ ग्रॅमच्या वर, आणि विकतचे पापड, फरसाण, पाव, बिस्किटं वेगळीच. सगळ्यांनी एकदा हा हिशोब करून बघा, रक्त काढायला नको काही नको.

मग एकदम बंद नाही केलं. पहिल्यांदा भाताला आणि पोळीच्या कणकेला मीठ बंद केलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग ताटाची डावी बाजू. आपण ताट वाढतो तेव्हा डावीकडे मीठ, लोणचं, पापड, चटणी, सगळं खारट त्याच बाजूला, आणि कोशिंबीरही तिथलीच. मीठ वाढणं थांबवलं, लोणचं रविवारी, आणि कोशिंबीर वाटीभर, काकडी, गाजर, बीट, दाण्याचं कूट, लिंबू भरपूर, मीठ अगदी शेवटी चिमूटभर कारण आधी घातलं की पाणी सुटतं आणि मग अजून घालावंसं वाटतं. आमसूल, लसूण, ओवा, कढीपत्ता यांनी जीभ फसत नाही, पण समाधान होतं. दीडदोन महिने कुरकुर झाली, आता बाहेरची मिसळ यांना स्वतःलाच खारट लागते. आता किलोचं पाकीट ३८ दिवस जातं.

पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं त्याला अडीचने गुणलं की मीठ. पापडखार, खायचा सोडा, फसफसणारी अ‍ॅसिडिटीची पाकिटं, पाण्यात विरघळणाऱ्या डोकेदुखीच्या गोळ्या यातपण सोडियम असतं, जिभेला खारट लागत नाही म्हणून सुटून जातं.

मीठभाकर (शनिवार, रात्री ८:१०)

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. माजघर ताई, तुमचा हिशोब मी माझ्या पुण्यातल्या घरी केला, माणशी नऊ ग्रॅम निघाले.

आज आईला डॉक्टरांकडे नेलं. सोडियम १३४, पोटॅशियम ४.२. क्लोरथॅलिडोन बंद केलीय, टेल्मिसार्टनबरोबर अ‍ॅम्लोडिपिन दिली, बीपी १३८/८२. पाणी तहानेप्रमाणे, तांब्या मोजायचा नाही. मीठ दिवसाला चार ग्रॅम, ते मी फार्मसीतला छोटा मोजायचा चमचा आणून डबीत काढून दाखवलं, सकाळी आई तेवढंच डबीत घेते आणि दिवसभर त्यातूनच वापरते. लो सोडियम मीठ नको हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं. काकूंनाही भेटून आले, त्याही चार लिटर पाणी पीत होत्या, त्यांनाही तीच गोळी चालू आहे, उद्या त्यांचं रक्त तपासायला बाबा घेऊन जातायत.

आज आईने दोन भाकऱ्या खाल्ल्या, म्हणाली आमटीला चव आलीय. पुढची तपासणी दोन आठवड्यांनी, तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून बाबांच्या खुर्चीसमोर टांगलीय.

रुग्णसेवक (शनिवार, रात्री ९:००)

फार बरं वाटलं. त्या तपासणीत क्रिएटिनिनही घ्या, आणि काकूंचा आकडा आला की इथे कळवा.